जुने आरपीजी कुठून सुरू करावेत, आणि त्यांच्यावरचे सिनेमे कुठे घसरतात?

रातकिडा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स : ऑनर अमंग थीव्ह्ज’ (२०२३) बघितल्यापासून जुन्या आरपीजींची (एखादं पात्र होऊन खेळायच्या व्हिडिओ गेमांची) ओढ लागली आहे. यादीत सध्या चार नावं आहेत : ‘बॉल्डर्स गेट’ (१९९८), ‘फॉलआउट’ (१९९७), ‘प्लेनस्केप : टॉर्मेंट’ (१९९९) आणि ‘क्रोनो ट्रिगर’ (१९९५). पैकी ‘बॉल्डर्स गेट’ची एन्हान्स्ड आवृत्ती सुरू केली. पात्र जादूगार, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) चार. फ्रेंडली आर्म इन या सराईच्या पायऱ्यांवर एक मांत्रिक गोड बोलत जवळ येतो आणि दोन मंत्रांत सगळा कारभार आटोपतो. गाडी तिथेच अडली आहे.

दोन प्रश्न. या चारांपैकी आधी कुठला घ्यावा, आणि सुरुवातीला कुठली सेटिंग्ज बदलली तर डोकेदुखी कमी होईल? दुसरा सिनेमांबद्दल. वरचा सिनेमा आवडला, पण ‘वॉरक्राफ्ट’ (२०१६) आणि ‘बॉर्डरलँड्स’ (२०२४) अर्ध्यावर कंटाळवाणे झाले. तिन्हींमागे गेमच आहेत, पैसाही ओतलेला दिसतो. मग फरक नेमका कुठे पडतो?

लोहार

पायऱ्यांवरचा तो टार्नेश. गेम सोडून देणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच्याच हातून मेलेले असतात, त्यामुळे आधी त्याचं बघू.

आवारात शिरायच्या आधी सेव्ह. इमोएन ही पहिली सोबतीण बरोबर असेलच. तिच्या सामानात मॅजिक मिसाइलची कांडी असते, ती तिच्या क्विक स्लॉटमध्ये ठेवा. वाटेत झार आणि माँटरॉन ही जोडी भेटते, तिला तूर्त हो म्हणा. माणसं दुष्ट आहेत, पण पहिल्या दिवशी चार डोकी दोनपेक्षा बरी. सगळ्यांच्या हाती लांबून मारायचं काहीतरी द्या : गोफण, धनुष्य, फेकायच्या सुऱ्या. टार्नेशचं बोलणं संपलं की लगेच स्पेसबार दाबून गेम थांबवा आणि चौघांनाही त्याच्यावर सोडा. तो आधी स्वतःच्या प्रतिमा उभ्या करतो, नंतर तुमच्यावर भीतीचा मंत्र टाकतो. मंत्र पुटपुटताना त्याला इजा झाली की तो मंत्र फुकट जातो, हा इथला सगळ्यात कामाचा नियम. प्रतिमा उभ्या राहिल्याच तर लागलेला प्रत्येक घाव एकेक प्रतिमा पुसतो, म्हणून एका जबर घावापेक्षा भराभर बसणारे चार हलके घाव चांगले. आवारातले पहारेकरीही त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा मार बसायला लागला तर त्यांच्या दिशेनं पळा.

आता सेटिंग्ज. ऑटो-पॉजमध्ये (गेम आपोआप कधी थांबावा ते ठरवायच्या पानावर) किमान या गोष्टी चालू करा : शत्रू दिसला, सोबत्याचे हिट पॉइंट घसरले, मंत्र टाकून झाला, हत्यार निकामी झालं. शेवटची विसरू नका. या कथेत लोखंडाचीच टंचाई आहे, त्यामुळे साधी तलवार ऐन लढाईत मोडते आणि पात्र मुठी आपटत राहतं. प्रत्येकाजवळ एक जास्तीचं हत्यार ठेवा. जादूची हत्यारं मोडत नाहीत. फीडबॅकच्या पानावर ‘टु हिट रोल्स’ चालू करा, म्हणजे खालच्या पट्टीत प्रत्येक फासा दिसतो. नेम का चुकतोय हे कळलं की निम्मा राग तिथेच ओसरतो.

कठीणपणा ‘नॉर्मल’वर ठेवा. ‘कोअर रूल्स’ या वरच्या पायरीवर पातळी वाढताना हिट पॉइंटही फाशावर ठरतात. जादूगाराचा फासा चार बाजूंचा, एक पडला तर एकच मिळतो. ‘नॉर्मल’वर पूर्ण मिळतात. यात कमीपणा काही नाही.

पात्र नव्यानं करणार असाल तर पहिल्यांदा जादूगार नको, योद्धा घ्या. डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १८. योद्ध्याला १८ कॉन्स्टिट्यूशनवर दर पातळीला चार जास्तीचे हिट पॉइंट मिळतात. बाकीच्यांना १६च्या वर काही फायदा नाही, कितीही चढवा, दोनच मिळतात. इनमध्ये खालिद आणि जहेरा भेटतील. दोघांना घ्या आणि खालिदला लाँग बो द्या. या गेममध्ये धनुष्याचे एका फेरीत दोन बाण सुटतात, पहिल्या पातळीवर तलवार त्याच्यापुढे फिकी. जादूगाराकडे सुरुवातीला एकच मंत्र असेल तर तो ‘स्लीप’ असावा. गिबरलिंग, कोबोल्ड, हॉबगॉब्लिन यांच्या टोळ्या त्यानं जागीच आडव्या होतात आणि झोपलेल्यावर घाव चुकत नाही.

अनुभवाच्या गुणांना १,६१,००० ची मर्यादा आहे. म्हणजे योद्धा आठव्या आणि जादूगार नवव्या पातळीवर थांबतो. त्यामुळे एकेक कोपरा झाडून काढायचा हट्ट धरू नका.

आडवाटे

लोहारांचं सगळं मान्य, पण पहिला गेम म्हणून मी ‘फॉलआउट’च सुचवेन. लहान आहे, सहा जणांची पलटण सांभाळायची नाही, आणि लढाई पाळीपाळीनं चालते, त्यामुळे विचार करायला हवा तेवढा वेळ मिळतो.

इथे जे काही बिघडतं ते पात्र बनवण्याच्या पानावर बिघडतं. सात गुण, मिळून ४० अंक. ॲजिलिटीकडे नीट बघा. ॲक्शन पॉइंट (एका पाळीत खर्चायचे अंक) म्हणजे ५ अधिक ॲजिलिटीचा निम्मा, वरचा अर्धा सोडून. पिस्तुलाची एक गोळी ५ पॉइंट खाते. ॲजिलिटी ९ असेल तर हाती ९ पॉइंट, म्हणजे एका पाळीत एक गोळी आणि उरलेले चार जवळपास वाया. १० असेल तर दोन गोळ्या. एका अंकानं मारा दुप्पट होतो. १० करायची नसेल तर ‘फास्ट शॉट’ हा स्वभाव घ्या, गोळी ४ पॉइंटांत सुटते. मात्र मग नेम धरून डोळ्यावर वगैरे मारता येत नाही, आणि पुढे जाऊन डोळ्यावरचा नेम हाच सगळ्यात मोठा हुकमी एक्का ठरतो. ‘गिफ्टेड’ बहुतेक सगळे घेतात : सातही गुण एकेकानं वाढतात, कौशल्यं १० टक्क्यांनी उतरतात.

टॅग करायची (खास म्हणून निवडायची) तीन कौशल्यं : स्मॉल गन्स, स्पीच आणि तिसरं लॉकपिक. बिग गन्स आणि एनर्जी वेपन्स नावानं भुरळ घालतात, पण ती हत्यारं हाती यायला अर्धा गेम जातो, तोवर तुम्ही उंदीर चुकवत फिराल. करिश्मा २ ठेवला तरी चालतं, कारण या पहिल्या भागात सोबत्यांची संख्या त्यावर अवलंबून नाही. दुसऱ्या भागात आहे, तिथे ही युक्ती लावू नका.

घड्याळ : पाण्याची चिप शोधायला १५० दिवस. नकाशावरचा प्रवास दिवस खातो, आणि विश्रांती घेऊन जखमा भरणं त्याहून जास्त खातं. तेव्हा स्टिमपॅक (जखमा भरणारं औषध) जपून ठेवत बसू नका, वापरा. हब या गावातल्या पाण्याच्या व्यापाऱ्यांकडून व्हॉल्टला (तुम्ही जिथून निघता त्या भूमिगत आसऱ्याला) पाणी पाठवलं तर १०० दिवस वाढतात. घाबरवून सोडणारी मुदत वाटते, पण वाटेतल्या गावांत थांबत थांबत गेलात तरी पुरते.

आणि शेडी सँड्समध्ये इयन भेटेल, त्याला घ्या, पण सबमशीन गन देऊ नका. मध्ये कोण उभं आहे याचा विचार न करता तो फैरी झाडतो, आणि मध्ये बहुतेक वेळा तुम्हीच असता. पिस्तूल द्या. त्याचं चिलखत या भागात बदलता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी चिलखतं वाहत बसू नका.

सेव्हच्या दहा जागा आहेत, त्या आलटून पालटून वापरा. एकाच जागेवर सेव्ह करत गेलात आणि नेमकं अर्धमेल्या अवस्थेत, शत्रूची पाळी यायच्या आधी केलंत, तर तो खेळ गेलाच.

पडदाफाड

सिनेमाचं मी घेतो.

‘ऑनर अमंग थीव्ह्ज’मध्ये एक प्रसंग आठवा. तिजोरीत शिरायचं म्हणून एका चित्रावर जादूचं दार चिकटवतात आणि ते चित्र गाडीत चढवून तिजोरीकडे पाठवतात. योजना सुरेख. तिजोरीत पोचल्यावर चित्र पालथं पडतं आणि दार उघडल्यावर समोर नुसती फरशी. किंवा त्याआधीचा पूल : पॅलाडिन (धर्मयोद्धा) तो ओलांडायचे किचकट नियम समजावतोय, तेवढ्यात जादूगार सायमन पहिल्याच दगडावर पाय ठेवतो आणि पूल कोसळतो. मग त्यांच्यातली होल्गा साधी काठी म्हणून जी हातात वागवत असते तोच जादूचा दंड निघतो. टेबलावर फासे टाकून खेळणाऱ्याला हे लगेच ओळखू येतं. योजना, वाईट फासा, हाताशी जे असेल त्यातून धडपड. दिग्दर्शक गोल्डस्टीन आणि डेली यांनी जग उचललंच, पण खेळताना जे घडतं तेही उचललं. पडद्यावर फासा एकदाही दिसत नाही, तरी तो पडल्याचं कळतं.

‘वॉरक्राफ्ट’नं जग उचललं, बस. १२३ मिनिटांत स्टॉर्मविंड, काराझान, दलारान, आयर्नफोर्ज, दोन फौजा आणि डझनभर नावं. गेममध्ये दलारान हे नाव जड वाटतं, कारण तिथवर पायपीट केलेली असते. सिनेमात ते दोन मिनिटं हवेत तरंगताना दिसतं आणि पुढे सरकतं. दिग्दर्शक डंकन जोन्स यांनी एक गोष्ट मात्र धीटपणे केली, ऑर्क या राक्षसी जमातीला माणसांइतकीच बाजू दिली. ऑर्क सरदार ड्युरोटनच्या चेहऱ्यावरचं काम आजही बघण्यासारखं आहे. सिनेमा फक्त त्याचा असता तर हा प्रश्नच आला नसता.

‘बॉर्डरलँड्स’बद्दल फार लिहावंसं वाटत नाही. त्या गेमची नशा बंदुकांच्या ढिगात आहे : ही फेकू की ती, या आकड्यापेक्षा तो आकडा बरा का. शिवाय मूळ गेम रक्तबंबाळ आणि शिवराळ, सिनेमा मात्र किशोरांना चालेल असा घासूनपुसून केलेला. मग उरलं काय? रंगवलेले केस.

खविस

पडदाफाड, थोडा विरोध नोंदवतो. ‘खेळाचे नियम पाळले म्हणून सिनेमा जमला’ असं कुणी त्यातून काढेल, तर ते खरं नाही. ‘ऑनर अमंग थीव्ह्ज’मध्येच ड्रुइड (निसर्गाची जादू करणारी) डोरिक आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) होते. मूळ खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत वाइल्ड शेपनं (ड्रुइडच्या रूप बदलायच्या जादूनं) फक्त ‘बीस्ट’ गटातला प्राणी होता येतं, आणि आउलबेअर ‘मॉन्स्ट्रॉसिटी’ गटात आहे. एडगिन बार्ड (गाण्यातून जादू करणारा) असून अख्ख्या सिनेमात एकही मंत्र टाकत नाही. कुणाचं काही अडलं नाही. उलट मृताला पाच प्रश्न विचारायचा नियम अक्षरशः पाळला आणि त्यातून सगळ्यात मोठा हशा काढला. जो नियम प्रसंग घडवतो तो घ्यायचा, बाकीचे सोडायचे. असा हिशेब आहे.

रातकिडा, यादीतला ‘क्रोनो ट्रिगर’ मागे पडतोय, तो आधी घ्या. वीस-पंचवीस तासांत संपतो. नकाशावर शत्रू समोर दिसतात, दर चार पावलांना अचानक लढाई लागत नाही. सुरुवातीला लढाईची पद्धत विचारतात तेव्हा ‘वेट’ निवडा, म्हणजे मंत्रांची किंवा सामानाची यादी उघडी असताना शत्रूचं घड्याळ थांबतं. ‘ॲक्टिव्ह’मध्ये तुम्ही यादी वाचत असता आणि तो मारत असतो. पीसीवर २०१८ची आवृत्ती आहे. सुरुवातीला तिचं रूप मोबाइलसारखं बेंगरूळ होतं, नंतरच्या पॅचेसनी ते सावरलं.

(पुढचा परिच्छेद पहिल्या दोन तासांतलं गुपित फोडतो, नको असेल तर ओलांडा.) सुरुवातीच्या जत्रेत तुम्ही टेबलावरचं दुसऱ्याचं जेवण खाल्लंत का, मुलगी धडकून पडल्यावर आधी तिला उठवलंत की तिचं लॉकेट उचललंत, हरवलेलं मांजर परत नेऊन दिलंत का, हे सगळं गेम गुपचूप टिपून ठेवतो. पुढे खटला उभा राहतो आणि यातल्या एकेका गोष्टीची साक्ष निघते. अंगावर काटा येतो. पण निकाल काहीही लागो, तुरुंग चुकत नाही. निर्दोष ठरलात तर औषधाच्या काही बाटल्या मिळतात, इतकंच. म्हणजे ‘निवडीचे परिणाम’ म्हणून आपण जे डोक्यावर घेतो त्यातलं निम्मं रंगमंचावरचं नेपथ्य असतं. आणि ते इतकं चोख असतं की फसवणूक वाटत नाही. सिनेमानं शिकायचं तर हे.

कणेरी

‘टॉर्मेंट’कडे सगळे पाठ फिरवून बसलेत. कारण उघड आहे : लढाया कंटाळवाण्या आणि मजकूर डोंगराएवढा. वाचायची तयारी असेल तरच हात लावा.

पात्र करताना सवयीनं ताकद वाढवू नका. सगळे अंक विज्डम, इंटेलिजन्स आणि करिश्मा यांत. विज्डम सगळ्यात आधी, कारण विसरलेल्या आठवणी तिच्या जोरावर परत येतात आणि अनुभवाचे गुणही जास्त मिळतात. शवागारातून बाहेर पडताना मॉर्ट ही तरंगती कवटी सोबत येते, तिला टिकवा. सुरुवातीला नायक योद्धाच असतो. रॅगपिकर्स स्क्वेअरमध्ये मेबेथ नावाची म्हातारी आहे. तिची बारीकसारीक कामं केलीत की ती जादू शिकवते. ही कामं कंटाळून टाळू नका, गेममधलं चांगलं लेखन तिथेही आहे. लढाईत मेलात तरी बहुतेक वेळा नायक दुसरीकडे जागा होतो, म्हणून मरण आलं की लगेच जुनी सेव्ह उघडायची घाई नको.

यावरून ‘मिकी १७’ (२०२५) सुचवते, बाँग जून-हो यांचा. मिकी मेला की नवा मिकी छापून काढतात, आठवणी साठवलेल्या असतात त्या भरतात. ‘टॉर्मेंट’मध्ये बरोबर उलटं : शरीर तेच उठतं, आठवणी गेलेल्या. सेव्ह आणि लोड या यंत्रणेचीच दोघांनी कथा केली आहे. सिनेमात हे पहिल्या तासात फार चांगलं जमलंय, मरणाचा कंटाळा आलेला नोकरदार माणूस. सतरा जिवंत असताना अठरा येतो तिथवर उत्तम. पुढे राजकारणी नवरा-बायकोचं व्यंग्य इतकं ताणलंय की मूळ गंमत पातळ होते. गेमवरचा सिनेमा नसूनही गेम कळलेला सिनेमा म्हणून मात्र तो ‘बॉर्डरलँड्स’च्या कितीतरी पुढे आहे.

रातकिडा

भरपूर मिळालं. ‘टु हिट रोल्स’ चालू केले, पण ते ‘थॅको’ प्रकरण डोक्यात शिरत नाही. आकडा कमी झाला की चांगलं, हे कसं? आणि ‘मोरोविंड’बद्दल विचारायचं राहिलं : समोर उभ्या उंदराला तलवार आरपार जाताना दिसते आणि तरी लागत नाही. बग आहे का?

लोहार

थॅको म्हणजे आर्मर क्लास (बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) शून्य असलेल्याला लागायला वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवेत तो आकडा. करायचं एवढंच : तुमचा थॅको वजा समोरच्याचा आर्मर क्लास. थॅको २०, समोरच्याचा आर्मर क्लास ५, तर १५ किंवा जास्त हवेत, म्हणजे २० पैकी ६ फासे, ३० टक्के. थॅको १६ झाला की ११ पुरतात, सरळ ५० टक्के. आर्मर क्लास उणे असेल तर वजाबाकीत तो मिळवला जातो, म्हणून उणे आर्मर क्लासवाला अभेद्य वाटतो. २० पडले की कुणालाही लागतं, १ पडला की कधीच लागत नाही. डेक्स्टेरिटी १८ घ्या म्हटलं ते यासाठीच : आर्मर क्लास चारनं उतरतो, म्हणजे तुमच्यावरच्या हल्ल्यांत २० टक्क्यांची घट.

‘मोरोविंड’ (२००२) मध्ये बग नाही. दिसायला तो समोरासमोरच्या मारामारीचा गेम, आतून फाशांचा. लागण्याची शक्यता अशी निघते : हत्याराचं कौशल्य, अधिक ॲजिलिटीचा पाचवा भाग, अधिक लकचा दहावा भाग, या बेरजेला थकव्याच्या आकड्यानं गुणायचं. हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५, पूर्ण रिकामी असेल तर ०.७५. उदाहरणार्थ कौशल्य ४०, ॲजिलिटी ४०, लक ४०. बेरीज ५२. पट्टी भरलेली असेल तर ६५ टक्के, धावत धावत येऊन पट्टी संपवलीत तर ३९. यातून समोरच्याची चपळाई वजा होते ती वेगळी.

नवखे काय करतात? पात्र लाँग ब्लेडचं आणि हातात सापडलेली सुरी, जिचं कौशल्य ५. बेरीज १७. वर धावून दमलेले. येतात जेमतेम १३ टक्के. उंदीर हसणारच. उपाय : मुख्य कौशल्यांत एक हत्यार ठरवा आणि तेच वापरा, लढाईच्या आधी चाला, धावू नका. एवढ्यानं गेम बदलतो.

आडवाटे

एक पुरवणी, कारण यादी वाढत चालली आहे आणि पुढचं नाव ‘स्टार वॉर्स’च्या जगातला ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) हेच असणार. आजच्या संगणकावर लढाई संपली की पात्र जागच्या जागी खिळतं, मागेपुढे होत नाही. कारण फ्रेम रेट ६०च्या वर जातो. व्ही-सिंक (फ्रेम रेट मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) चालू करा. तरी जमलं नाही तर मॉनिटरचा रिफ्रेश रेट ६० हर्ट्झवर आणा. तेवढ्यापुरतं सुटायचं असेल तर सेव्ह करून तीच सेव्ह पुन्हा उघडा.

आणि त्यात पातळी वाढवायची घाई करू नका. कमाल पातळी २० आहे. डँटूइनवर जेडाय झाल्यावर घेतलेल्या पातळ्या आधीच्या पातळ्यांपेक्षा खूप मोलाच्या असतात, म्हणून बरेच जण सुरुवातीच्या ग्रहावर साठलेल्या पातळ्या न वापरता राखून ठेवतात आणि नंतर एकदम चढवतात. त्या ग्रहावर, टारिसवर, जरा जड जातं. ग्रेनेड वापरा, साठवून पुढे नेऊ नका.